आठ तासांचं लोकेशन

मी दीपमाला. अहमदपूरला बसस्टँडच्या मागं माझं पार्लर आहे, एकोणीस वर्षं झाली. नवरीचा चेहरा मी करते आणि त्या चेहऱ्याचा फोटो रुद्राणी काढते. आमची जोडी सगळ्या तालुक्याला माहीत आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, रुद्राणी बारवेत जीव द्यायला गेली होती असं जे लोक बोलून राहिले ना, ते साफ खोटं आहे. ती फोटो काढायला गेली होती. मला पक्कं माहीत आहे, कारण त्या दिवशी जो घोळ झाला तो माझ्याच हातून झाला.

रुद्राणी मूळची भोकरची. तिच्या वडिलांचा, अर्जुनरावांचा, तिथं बाजाराच्या रस्त्याला फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटली की पोरगी दप्तरासकट तिथंच. त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली, आधी उजेड बघ, माणूस नंतर बघ. आता असल्या शिकवणीवर कुणाचा संसार होतो का? पण तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. लग्न होऊन अहमदपूरला आली तेव्हा रुखवतात भांड्यांच्या आधी कॅमेऱ्याची पेटी मांडली होती, हे तिची सासू रुक्मिणबाई अजून आल्यागेल्याला सांगते.

माझ्याकडं पहिल्यांदा आली ती भुवया करायला. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, ही खुर्ची खिडकीकडं फिरवा. नवरी निम्म्या मेकअपमध्ये उजळ दिसंल." माझं डोकंच फिरलं. कालची पोर, मला शिकवून राहिली! पण दुसऱ्या दिवशी गपचूप फिरवली खुर्ची. अजून तशीच आहे.

तिच्याजवळ एक वही होती. लग्नाच्या ऑर्डरी एसटीनं हिंडून कराव्या लागायच्या, आज मुखेड, उद्या कंधार, परवा उदगीर. मी गाडीत बसले की पाच मिनिटांत घोरायला लागते. ही खिडकीला नाक लावून बसायची आणि वहीत लिहायची. एकदा मी चोरून वाचली. 'मुखेड रोड, अठराव्या किलोमीटरला बंद पडलेली खडी मशीन, मागं खदानीत हिरवं पाणी. गुलाबी साडी नको.' 'भोकरच्या अलीकडं पळसाची रांग. फाल्गुनात यायचं. कंडक्टर थांबवत नाही, त्याच्याशी गोड बोलणे.' 'बंद जिनिंगचा पत्रा, भोकांतून उजेडाचे खांब पडतात, नवरदेव उंच असावा.' वाचता वाचता मला हसू आवरंना.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. लग्नाआधीच्या फोटोंचं खूळ आपल्याकडं आलं तेव्हा सगळे जण जोड्या घेऊन त्याच त्या धरणावर आणि त्याच त्या किल्ल्यात पळत होते. एका बुरुजावर चार नवऱ्या नंबर लावून उभ्या! रुद्राणी मात्र आपली जोडी घेऊन जायची ती अशा जागी, की गावचे लोक म्हणायचे, "बाई, इथं काय हाय? इथं शेळ्या बसतात." आणि फोटो आले की तेच लोक विचारायचे, हे कुठलं लोकेशन, केरळ का? तिला लई मजा वाटायची. "ताई, ह्यांच्याच शेताच्या बांधावरचं हाय," म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

आता लोकेशन हा शब्द आला, तर शिवशंकरबद्दल सांगायलाच पाहिजे. शिवशंकर तिचा नवरा. शाळेच्या ऑफिसात क्लार्क. माणूस निर्व्यसनी, आवाज चढवून बोलणार नाही, सकाळचा चहा स्वतः करून आईला आणि बायकोला देणार. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं मी रागाच्या भरात लई वेळा बोलले आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं!

झालं असं होतं, की सहा वर्षांपूर्वी एका लग्नाहून येताना रुद्राणीची जीप उलटली. हिला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, पण फोन बंद पडला, आणि चार तास शिवशंकर दवाखान्या-दवाखान्यांत हिला शोधत पळत होता. सापडली तेव्हा तो रस्त्यात खाली बसून रडला. त्या दिवसापासून त्यानं नियम घातला. घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी फोनवरून लोकेशन टाकायचं. ते चालू राहणारं लोकेशन असतं ना, तसलं. नकाशावर गोलात तिचा फोटो, आणि ती जाईल तिकडं तो गोल सरकतो. फोन आठ तासांपर्यंत ते चालू ठेवतो, मग बंद पडतं. बंद पडलं की दुसऱ्या मिनिटाला शिवशंकरचा फोन. "संपलं बघ तुझं. परत टाक."

"अगं, म्हणावं बंद कर हे," मी एकदा चिडून म्हणाले.

"काय म्हणू ताई?" ती म्हणाली. "काळजीनंच करतात. मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. कुणाला सांगितलं तर म्हणतील, नशीब काढलंस बाई."

बस्स, तिथंच सगळं अडत होतं. सकाळी साडेसहाला सासूला साखरेचं इंजेक्शन द्यायचं ते रुद्राणीच्याच हातून, शिवशंकरला सुई बघवत नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी. म्हणजे तिच्या वाट्याला उरायचा दहा ते चारचा वेळ. आणि मला सुद्धा आता कळतं, की भर उन्हात फोटो काढला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात, नवरी दहा वर्षांनी म्हातारी होते. तिच्या वहीत सव्वाशेच्या वर जागा होत्या. त्यातली एकही तिनं सूर्य उगवताना किंवा मावळताना बघितलेली नव्हती. जिच्या बापानं आधी उजेड बघ म्हणून शिकवलं, तिला निम्मा उजेड बघायला बंदी होती.

धामणदरीची बारव तिला अशीच सापडली. मुखेड रोडवरून आत दोन किलोमीटर, जुनी चौकोनी दगडी विहीर, पश्चिमेच्या अंगाला पाण्यापर्यंत उतरत्या पायऱ्या. तिथं बकऱ्या चारणारी एक म्हातारी तिला म्हणाली, "दुपारी येऊन काय बघतीस? सकाळी ये. सकाळी ऊन ह्या पायऱ्या उतरतंय. एकेक पायरी करत पाण्यावर जातंय, आमी पोरी असताना त्याच्याबरूबर उतरत होतो."

झालं! रुद्राणीला झोप लागंना. त्यात नांदेडच्या एका संस्थेनं फोटोंचं प्रदर्शन ठेवलं, आपल्या भागातल्या कुणी न पाहिलेल्या जागा म्हणून. फेब्रुवारीअखेर फोटो द्यायचा होता. "ताई, एकच फोटो द्यायचा हाय मला," ती म्हणाली. "पायऱ्या उतरणारं ऊन. लग्नाचा न्हाई, कुणाच्या ऑर्डरीचा न्हाई. माझा."

तिनं शिवशंकरला सरळ विचारलं. तो म्हणाला, "जाऊ की. रविवारी सगळेच जाऊ, डबा घेऊन." आणि खरंच गेले! दुपारी एक वाजता. सतरंजी, दहीभात, सासू, सासूची उशी. शिवशंकर पायऱ्यांच्या तोंडाशी हात पसरून उभा. "खाली नको जाऊस, शेवाळ हाय. वरूनच काढ. विहीर काय, वरून पण विहीरच दिसती." रुद्राणीनं वरून एक फोटो काढला, तो सासूचा, दहीभात खाताना. मला दाखवला तेव्हा हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग माझंच डोकं चाललं. मी म्हटलं, नवरीचा मेकअप पहाटे पाचला सुरू होतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू ऑर्डर आहे म्हणून माझ्याकडं ये. फोन माझ्या पार्लरमध्ये ठेव, त्या नकाशावर तू पार्लरमध्ये बसलेली दिसशील. कॅमेरा घे आणि मागच्या दारानं जा. पंढरीची रिक्षा सांगते. पंढरी पन्नाशीचा माणूस, माझ्या माहेरचा, तोंड उघडणार नाही. आठ वाजता परत ये. इंजेक्शन त्या एका दिवशी शेजारची सिंधू देईल, ती नर्सच आहे.

तिसऱ्या दिवशी रुद्राणी म्हणाली, "हाव."

त्या पहाटे शिवशंकर तिला मोटारसायकलवर घेऊन आला. माझं शटर वर जाईपर्यंत हलला नाही बाबा! "ताई, थंडी हाय, तिला चहा द्या," म्हणून गेला. रुद्राणीनं फोन माझ्या हातात ठेवला. "ताई, हा हलवू नका कुठं," म्हणाली आणि मागच्या दारानं गेली. मी फोन आवाज बंद करून मेकअपच्या पेटीत ठेवला, पफच्या डब्याखाली. हरवायला नको म्हणून. हीच माझी अक्कल.

साडेसहाला ज्ञानेश्वरीच्या बापाचा फोन आला. ज्ञानेश्वरी म्हणजे त्या दिवशीची माझी नवरी, ती नऊला पार्लरमध्ये येणार होती. बाप म्हणाला, "ताई, पाहुणे मुखेडलाच कार्यालयात उतरलेत, मुहूर्त अलीकडं आलाय, तुम्हीच चला. गाडी दारात उभी हाय." एकोणीस वर्षांची सवय! हाक आली की पेटी उचलायची आणि गाडीत बसायचं. मी पेटी उचलली आणि गाडीत बसले. आणि माझ्या सवयीप्रमाणं घोरायला लागले.

मांडीवरची पेटी थरथरली तेव्हा मला जाग आली. उघडून बघते तर पफखाली फोन. शिवशंकरचे चौदा मिस कॉल. अरे देवा! नकाशावर रुद्राणीचा गोल फोटो अहमदपूर सोडून मुखेड रोडला पळत होता, आणि पळवून राहिले होते मी. तेवढ्यात माझा स्वतःचा फोन वाजला. तोच.

"ताई, रुद्राणी कुठं हाय?"

"सोबतच हाय की भाऊ," मी म्हटलं. "मुखेडची ऑर्डर निघाली अचानक."

"जरा द्या तिला."

आता काय देऊ? "ती... तिला झोप लागलीय," म्हटलं.

"ताई, मी पार्लरवर उभा हाय. तिचा डबा राहिला होता, तो द्यायला आलो. समोरचा चहावाला सांगून राहिला की गाडीत तुम्ही एकट्याच बसल्या." पुढचं त्यानं एका दमात विचारलं. "मग फोन तिचा तुमच्याकडं कसा? ती कुठं हाय, ताई?"

मी फोन कट केला. घाबरले हो! त्या क्षणाला मला एकच सुचलं, की तिला उचलायची आणि सोबत घेऊन मुखेड गाठायचं. ड्रायव्हरला म्हटलं, धामणदरीला वळव. गाडी वळली, बारवेपासून हाकेच्या अंतरावर थांबली. त्या गडबडीत मला हे सुचलंच नाही, की तिचा फोन अजून माझ्याच पेटीत आहे. आणि तिकडं शिवशंकर बघत होता. त्याच्या नकाशावर बायकोचा गोल मोठा रस्ता सोडून आत वळला, माळावर गेला, आणि जुन्या विहिरीपाशी जाऊन थांबला. बायको घरी खोटं सांगून निघालेली, मैत्रीण खोटं बोलून राहिलेली, आणि गोल विहिरीवर थांबलेला. आपल्याकडच्या नवऱ्याच्या मनात काय येणार? त्याच्या ऑफिसातला शेषेराव धामणदरीचाच. शिवशंकरनं त्याला फोन केला, "पळा, बारवेवर पळा, माझी बायको..."

मी गाडीतून उतरून बारवेच्या काठावर आले आणि थांबलेच. रुद्राणी तळाला होती. अनवाणी, घोट्यापर्यंत पाण्यात, कॅमेरा डोळ्याला. आणि ऊन खरंच उतरत होतं. वरच्या पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या, खालच्या काळ्या. बघता बघता एक काळी पायरी पिवळी व्हायची आणि ऊन पुढच्या पायरीला टेकायचं. एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडावर उजेड लावते, पण असला उजेड मी बघितला नव्हता. मला तिला हाक मारायची होती आणि मारवली नाही. उन्हाला पाण्यापर्यंत पोचायला दोनच पायऱ्या राहिल्या होत्या. म्हटलं, होऊ दे तेवढं.

पण नेमकं तेवढंच झालं नाही. मागून आरडाओरडा आला. शेषेराव आणि पाच-सहा जण, कुणाच्या हातात दोर, एकानं तर पळता पळता सदरा काढून टाकलेला. मी "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत दोघं पायऱ्या उतरले. एकानं तिला मागून कवेत धरलं आणि वर ओढलं. ती किंचाळली. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. तिला ओढत वर आणताना ती मान वळवून पाण्याकडं बघत होती, आणि ते म्हणत होते, "बाई, असलं काही करू नये, लेकराबाळांचं वय हाय तुमचं."

"मी फोटो काढून राहिले होते!" ती ओरडली. "सोडा! फोटो काढून राहिले होते मी!"

"हाव, हाव," शेषेराव लहान लेकराला समजवावं तसं म्हणाला. "बसा तुम्ही. पाणी प्या."

शिवशंकर आला. मोटारसायकल पडली तशी टाकून पळत आला. तिच्या खांद्यांना धरून तिचं तोंड, हात, ओली झालेली साडी बघितली आणि मग मातीत बसून हमसून हमसून रडला. सगळ्यांसमोर. "मी तुला काय कमी केलं गं? काय कमी केलं?"

मी सगळं सांगितलं. माझी आयडिया, माझी पेटी, माझी चूक, सगळं. पंढरीनं पण सांगितलं. कॅमेरा उघडून फोटो दाखवले. लोकांनी फोटो बघितले, माना हलवल्या, आणि एकमेकांकडं बघितलं. मागं कुणीतरी बोललंच, "फोटो काढायला एवढ्या पहाटे विहिरीत कोण उतरतंय?"

सात दिवसांत सगळीकडं झालं. भोकरहून अर्जुनराव आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाळा, सासरी काही तकलीफ हाय का?" ती म्हणाली, "आबा, मी उजेड बघायला गेले होते." त्यांनी मान खाली घातली. ज्यानं शिकवलं त्यालाही खरं वाटलं नाही! रुक्मिणबाई तेव्हापासून तिला आडावर, गच्चीवर, कुठं एकटी जाऊ देत नाही. धामणदरीच्या सरपंचांनी बारवेच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. शिवशंकर स्वतः जाऊन विनवणी करून आला होता.

माझ्याकडं पण आला. माझी तयारी होती चार शब्द ऐकून घ्यायची. पण त्यानं हात जोडले. "ताई, तिचं एकटीचं भरवशाचं राहिलं न्हाई. सोबत असाल तेव्हा तुमचंही लोकेशन टाकत जा." त्याचे डोळे सुजलेले होते. आणि मी, जी सासऱ्यालाही उलट बोलले होते, ती "बरं" म्हणाले. आता माझाही गोल त्याच्या फोनात हिंडतो.

फोटो मात्र रुद्राणीनं पाठवला. त्याला शिवशंकर नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, की फॉर्मवर जागेचं नाव नको लिहूस, लोकांना परत आठवंल. स्थळ असं छापलेलं होतं, त्याच्यापुढं तिनं 'मराठवाडा' लिहिलं.

मार्चमध्ये नांदेडला प्रदर्शन लागलं. आम्ही दोघी सकाळी सातच्या एसटीनं गेलो, शिवशंकर अर्धी रजा टाकून दोनला आला. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर मध्यभागी तिचा फोटो. भला मोठा. वरून उन्हाच्या पायऱ्या उतरत आलेल्या, खाली काळं पाणी, आणि मध्ये दोन पायऱ्या अंधारात. लोक थांबून थांबून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "ऊन पाण्याच्या अलीकडंच सोडलं, ह्यातच सगळी कमाल आहे. मुद्दाम थांबवलं असणार." रुद्राणी माझ्या कानाशी आली. "ताई, दोनच मिनिटं लागली असती," म्हणाली.

त्या गृहस्थांनी शेजारी उभ्या असलेल्या शिवशंकरला विचारलं, "काय लोकेशन आहे हो! कुठलं असेल?"

शिवशंकरनं फोटोकडं बघितलं. मला वाटलं, आता हा सांगणार. आता म्हणणार, माझ्या बायकोनं काढलाय, धामणदरीची बारव आहे.

"न्हाई माहीत," तो म्हणाला.

रुद्राणी त्याच्या बाजूलाच उभी होती, खांद्याला खांदा लागून. तीन वाजले होते. त्यानं खिशातून फोन काढला, बघितला आणि हळूच तिला म्हणाला, "आठ तास झाले बघ. तुझं लोकेशन संपलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणणार होते, अहो भाऊ, ती तुमच्या हाताला लागून उभी आहे! पण रुद्राणीनं माझं मनगट दाबलं. तिनं पर्समधून फोन काढला, फोटोकडं पाठ केली आणि लोकेशन टाकलं. शिवशंकरच्या हातातला फोन वाजला. नकाशावर तिचा गोल त्याच्याच ठिपक्यावर येऊन बसला.

"आलं," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.